ती भाकड नव्हती

आमच्या गोठ्याच्या तीन बाजूंना आता सोसायट्या आहेत. मी लग्न होऊन या गावी, बेशाला, आले तेव्हा इथे सगळी तुरीची नि कपाशीची वावरं होती. आता दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून लोक चहा पिता पिता माझी गाय बघतात. बघोत बापडे. शेणाच्या वासावरून कुणी बोललं तर मी या कानाने ऐकते नि त्या कानाने सोडून देते. पण गाय माजावर आली की माझी खरी पंचाईत होते. दिवसभर ती हंबरते, खाणंपिणं सोडते, दावं तोडायला बघते, आणि तो आवाज भिंतीभिंतीवर आपटून दुप्पट होतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा बर्मुडा घातलेले एक गृहस्थ फाटकाशी येऊन विचारायला लागले, "मॅडम, गाय बीमार आहे का?" मी म्हटलं, "बीमार नाही जी. तिले बैल पायजे. तुमच्या सोसायटीत आहे काय एखादा?" बिचारे मागे वळूनही न बघता गेले.

थट्टा सोडा, पण बैल खरंच राहिला नाही आमच्याकडे. वावरं गेली तसे बैलही गेले. म्हणून मग फोन करायचा. मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून एक माणूस येतो. शिकलेला डॉक्टर नाही, पण आम्ही सगळे त्याला डॉक्टरच म्हणतो. डब्यातून तो बैलाच्या गोठवलेल्या बीजाची बारीक कांडी काढतो, आपण पेल्यात कोमट पाणी द्यायचं, त्यात ती कांडी धरतो, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालतो आणि लांब सळईने बीज आत सोडून गाय भरवतो. पाच मिनिटांचं काम. पुढचे एकवीस दिवस मात्र जीव टांगणीला. एकविसाव्या दिवशी गाय परत हंबरली, तर उलटली म्हणायचं. गप्प राहिली, तर देव पावला.

माझी तांबडी गाय तीन वेळा उलटली होती. तिची आई ती आठ दिवसांची असताना गेली. मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. दोन वेतं चांगली झाली आणि मग हे सुरू झालं. नवऱ्याने शांतपणे सांगून टाकलं, "हे चौथी खेप. या वेळेस गाभण नाही राहिली तर देऊन टाकू. तुले बी आता या वयात होत नाही." तो काही दुष्ट माणूस नाही. त्याला गोठा नको झाला होता एवढंच. मी हो म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार?

चौथ्यांदा भरवली. एकवीस दिवस गेले. गप्प. बेचाळीस गेले. तरी गप्प! मी कॅलेंडरवर टिंबं देत होते आणि कुणाला बोलत नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. डॉक्टर म्हणाला होता, "ताई, अडीच महिने होऊ द्या, मग हात घालून पक्कं सांगतो."

दोन महिने व्हायला चार दिवस होते. गोठ्यात तांबडीशिवाय एक म्हैस नि एक कालवडही होती. सकाळी मी म्हशीची धार काढायला बसले होते. आणि मागून तांबडी हंबरली. मी वळून बघते तर बाई दावं ताणून कालवडीवर चढायला बघतेय. माझ्या हातातली बादली तशीच राहिली. मला रडू नाही आलं, राग आला. गाईचा, नवऱ्याचा, त्या कॅलेंडरचा, सगळ्याचा.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "घाई नोको करू वं पोरी. काही काही गाई गाभण असून बी माज दाखवतात. इच्या आजीनं बी दाखवला होता. दोन दिवस वाट पाय."

मी काय म्हटलं असेल? "तुमच्या वेळच्या गोष्टी तुमच्यापाशी ठेवा." हे बोलले मी. सत्तरीच्या बाईला. तीनदा तोंडघशी पडल्यावर चौथ्यांदा आशा धरायची माझ्यात ताकद नव्हती, हे खरं कारण. पण तेव्हा मला वाटलं, मी शहाणी आहे.

दहा वाजेपर्यंत गॅलऱ्या भरल्या. एका बाईच्या मुलीची परीक्षा होती, एका घरी कुणी आजारी होतं. दोन जण कुंपणाशी येऊन उभे राहिले, एक मोबाईलवर शूटिंग घेत होता. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "उलटली ना? मी सांगितलंच होतं." त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. सुटल्यासारखा आवाज होता त्याचा. मी म्हटलं, आजच्या आज पुन्हा भरवते, अजून एकदा, मग तुम्ही म्हणाल तसं. तो म्हणाला, "कर बाई काय करायचं ते."

डॉक्टर तीन वाजता आला, घाईत. अजून चार गावं राहिली होती त्याची. हातमोजा घातला, हात आत गेला, आणि तो थांबला. मी पेला धरून उभी होते. "ताई, जरा जड लागून राहिलं मले. नक्की खाली आहे ना गाय?"

खाली म्हणजे गाभण नसलेली. एवढंच विचारलं त्याने. मी म्हणू शकत होते, थांबा मग, पंधरा दिवसांनी बघू. कुंपणापलीकडे तो मोबाईल, समोर गाय बोंबलतेय, आणि मी म्हटलं, "माही गाय मले माहीत नाही का? खाली आहे. भरवा तुम्ही."

त्याने भरवली. आणि गाय गप्प झाली का? छे! रात्र पडेपर्यंत हंबरत होती.

पाचव्या दिवशी सकाळी गोठा झाडताना नालीच्या तोंडाशी पातळ पिशवीसारखं काहीतरी दिसलं. मला आधी वाटलं प्लास्टिक आहे, वरून कुणी टाकलं असेल. उचललं. आत उंदराएवढं वासरू होतं. डोकं कळत होतं, चार पाय कळत होते. पायांना खुरांची नुसती खूण.

गाय राहिली होती. चौथ्या खेपेला राहिली होती, आणि मी सळई घालायला लावून तिला गाभडवलं. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या, नवरा कामावर. मी शेवग्याखाली खुरप्याने खड्डा केला, पिशवी पुरली, हात धुतले आणि पोळ्या करायला बसले. कुणाला दाखवलं नाही. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

आठ दिवसांनी नवरा म्हणाला, सावनेरकडचा एक माणूस येतो आहे, शेणखतासाठी भाकड गाई नेतो, नीट सांभाळतो. भाकड हा शब्द ऐकला आणि माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. गाय भाकड नाही, राहिली होती, मीच केलं, आता तीनेक महिने आराम दिला तर पुन्हा राहील.

तो म्हणाला, "अवं, गाय ठेवाले तू काही बी सांगशील."

मी त्याला ओढतच शेवग्याखाली नेलं. खणलं. काही नव्हतं. बाजूला खणलं, तिथेही नव्हतं. कुत्र्यांनी उकरून नेलं असेल, नाहीतर मातीत जिरलं असेल, एवढासा जीव तो. मी तिसरीकडे खणायला लागले तेव्हा त्याने माझ्या हातातून खुरपं हळूच काढून घेतलं. "राहू दे," म्हणाला. माझी कीव येत होती त्याला.

सासूबाईंनी मात्र विश्वास ठेवला. "मले दाखवलं काहून नाही वं?" एवढंच विचारलं.

सावनेरचा माणूस सकाळी टेम्पो घेऊन आला. भला वाटला. गाईच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले. गाय दिली तरी आपलं दावं द्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून त्याने स्वतःचं बांधलं. मी त्याला गाठून सांगितलं, "भाऊ, हे भाकड नाही. दोन महिन्याची गाभण होती, माह्या चुकीनं गाभडली. तीन महिने थांबा आन् भरवून पाहा. राहीन."

तो हसला. वाईट नाही, समजूतदारच हसला.

"इकणारे समदे असंच सांगतात, बाई," तो म्हणाला, आणि गाय फळीवरून टेम्पोत चढवली.