आषाढातला अर्ज

माझा अर्ज उशिरा गेला तो माझ्या आळशीपणामुळे नव्हे, हे आधीच सांगून टाकते. महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठात मला हवामानशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. पदवीला गुण चांगले होते. परराज्यातल्या मुलांसाठी तिथे मोजक्याच जागा असतात, आणि त्यांतली एक आपली आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मुदतीच्या दहा दिवस आधीच ऑनलाइन फॉर्म भरून ठेवला होता. फोटो, सही, गुणपत्रिका, सगळं अपलोड केलेलं. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं आणि ते अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दाबू दिलं नाही. कारण आषाढ चालू होता.

आमचं घराणं म्हैसूरचं. पूर्वज कधीतरी इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच होऊन गेले. तलवारी गेल्या, घरात मराठी उरली, तीही निम्मी कन्नड. अप्पांचं देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान आहे. आमच्याकडे आषाढात नवीन काही सुरू करत नाहीत. लग्न नाही, गृहप्रवेश नाही, नवी गाडी नाही. म्हणून कापडवाले आषाढात सेल लावतात, बायका स्वस्तात कापड घेऊन अप्पांकडे आणून टाकतात आणि बजावून जातात की श्रावण लागल्याशिवाय कात्री लावू नका. अप्पा महिनाभर मापं घेतात, कापडावर खडूने आखतात, चिठ्ठ्या टाचून गठ्ठे रचून ठेवतात. कात्री मात्र खिळ्याला टांगलेली. माझ्या फॉर्मचंही त्यांनी तेच केलं. भरायला हरकत नव्हती, भरणं म्हणजे नुसतं आखणं. पाठवणं म्हणजे कात्री लावणं.

मी रोज भांडत होते. वाऱ्यापावसाचं शास्त्र शिकायला निघालेली मुलगी आणि पंचांग बघणारा बाप, घरात दुसरा विषयच नव्हता. पण खरं सांगते, चोरून बटण दाबणं माझ्या हातात होतं आणि मी दाबलं नाही. सरकारी विद्यापीठ मुदत वाढवतंच, हे जगाला माहीत आहे. तशी ती वाढवलीही, आठ दिवसांनी. श्रावण लागायला दोन दिवस असताना ती वाढीव मुदतही संपत होती. आणखी एकदा वाढवतील, असं मी अप्पांना छातीठोकपणे सांगितलं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी अप्पांनी देवापुढे दिवा लावला, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, आता दाब. पडद्यावर अर्ज स्वीकारणं बंद झाल्याची सूचना होती. अप्पांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि जेवण न करताच दुकानात निघून गेले. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की मलाही घास उतरला नाही.

आठवड्याभराने विद्यापीठाची दुसरी सूचना आली. उरलेल्या जागा भरायच्या होत्या. उशिरा अर्ज करणाऱ्यांनी पालकांसह स्वतः हजर राहावं आणि उशिराचं कारण लेखी द्यावं. झालं, सगळे नातेवाईक कारण शोधायला बसले. लष्कर मोहल्ल्यातल्या मामाच्या ओळखीचा एक डॉक्टर कावीळ लिहून द्यायला तयार होता. कावीळच का, असं मी विचारलं, तर ती पुष्कळ दिवस चालते असं उत्तर मिळालं. जागा नाहीच मिळाली तर म्हैसूरमधल्याच मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात माल तपासायची नोकरीही मामाने माझ्यासाठी बघून ठेवली होती. ती वाईट नव्हती, पण मला नको होती.

कावीळही नको होती. ज्या ठिकाणी दोन वर्षं काढायची, तिथे पहिलं पाऊल खोट्याने टाकायचं नव्हतं. मी सरळ लिहिलं की आमच्या घरी आषाढात नवीन काम सुरू करत नाहीत, म्हणून अर्ज वेळेत पाठवला नाही. अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी बॅग भरायला घेतली.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्या विद्यापीठाच्या कार्यालयात पोहोचलो. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या की आषाढात तर आमच्याकडे कॉलेजं सुरू होतात. परराज्याची एकच जागा उरली होती. हे कारण नियमात कसं बसवायचं, असं त्या स्वतःशीच बोलल्या आणि मग मला विचारलं, अर्ज नेमका कोणी थांबवला. दोघांनी, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण माझ्याआधी अप्पा उठून उभे राहिले.

"मी थांबवलं, नोडी," ते म्हणाले. "ती रोज पाठवते म्हणत होती. चूक माझी. तिला शिक्षा बेड."

नोडी म्हणजे बघा आणि बेड म्हणजे नको, हे कन्नड बाईंना कळलं की नाही कोण जाणे, अर्थ कळला असावा. मला मात्र तिथेच रडू आलं. अप्पांनी चूक कबूल केलेली मी जन्मात ऐकली नव्हती. बाही आखूड झाली तर ते गिऱ्हाइकाचा हात वाढला म्हणतात. आणि मीही चुकलेच होते, मुदतीची फुशारकी माझीच होती. मी तेही बाईंना सांगितलं.

बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं, पत्रावर शेरा मारला आणि प्रवेशाचा कागद पुढे सरकवला. उरलेल्या जागांची यादी बारा वाजता बंद होणार होती, त्याआधी पालकांची आणि माझी सही हवी होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. त्या दीड तासात अप्पा नव्या कापडाचं मापसुद्धा घेत नाहीत, गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालतं. आठवड्यातल्या सातही दिवसांच्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

अप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि कन्नडमध्ये, नेहमीसारखी लांबलचक सही केली. मग पेन माझ्या हातात दिलं.

"घड्याळ बघू नको," ते म्हणाले. "सही कर."