वळायच्या आधी

आमच्या केमिकल कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर किकवीहून मोटारसायकलवर यायचे आणि गेट अर्धा मैल लांब असतानाच इंडिकेटर लावायचे. मागचे टेम्पोवाले शिव्या घालत. हे आपले ढिम्म.

नव्या साहेबांनी सुरक्षेचा ‘इंडिकेटर’ म्हणून गेटवर फळा लावला: ‘अपघात शून्य’. ते शून्य रोज सकाळी मी गिरवायचो. एकदा साहेब गेटवर उभे असताना फिटर फळ्यासमोर थबकले.

“साहेब, इंडिकेटर वळायच्या आधी दावायचा आसतो. ह्यो तर धडकल्यावर पेटणार!”

आणि माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी खाली लिहिलं: ‘गळके व्हॉल्व्ह सात’.

“पुसा ते!” साहेब ओरडले.

“व्हय,” म्हणत ते पाना घेऊन आत गेले. तासाभरानं परत आले, सात पुसून सहा लिहिलं.

“रोज एक पुसतो, साहेब.”