कोणाच्या छतावरून?

मधू गेल्याचं सांगायला जो माणूस माझ्या औषधांच्या दुकानात धावत आला, त्याचं दुसरंच वाक्य होतं, "मंग आता लाईन कवा येईन हो?" आमचा लाईनमन अजून खांबाखाली पडलेला होता, अन् याला लाईनची पडली होती! महिना झाला, पण ते वाक्य आठवलं की अजून तोंडाची चव जाते.

रोहण्याजवळचं आमचं गाव. मधू अन् मी एका बाकावर शिकलो. तो विजेच्या नोकरीत लागला तेव्हा गावाला चार बल्ब अन् एखादा पंखा पुरायचा. आता घरोघरी कूलर, फ्रिज, कोणाकडे एसी. भार वाढला, तारा तुटू लागल्या, अन् शिव्या खायला एकटा मधू. तो हसायचा. "त्यायले उकडते न बे, मी त लोखंडाचा हाव!"

मग छतांवर सोलर आलं. मधूइतका आनंद कोणालाच झाला नसेल. दिवसाची वीज घरच्या घरी, डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भार कमी, खांबावरच्या आपल्या खेपा कमी, असं तो मला रंगवून सांगायचा. पण गावाला एक गोष्ट काही केल्या पटेना... लाईन गेली की छतावरचं सोलरही बंद पडायचं. चौकात एकानं त्याला धरलंच, "ऊन माह्या छतावर, पॅनल माह्यं, मंग माहा कूलर काऊन बंद?"

"दादा, ते माह्यासाठी बंद होते," मधू म्हणाला. "मी खांबावर राह्यलो अन् तुमच्या घरातला करंट उलटा तारंत आला, त मी जित्ता खाली नाई येत."

लोक खदखदून हसले. "लय भेते बे हा लाईनमन!" मी तिथंच उभा होतो.

त्यानंतर कोणीतरी बाहेरून एक जुगाड्या आणला. लाईन गेली तरी छतावरची वीज घरात चालू राहील अशी वायर त्यानं जोडून दिली. किती घरी जोडली, कोणी कबूल करत नव्हतं. सगळी कुजबुज. वैशाखातल्या वादळात तार तुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मधूनं डीपीवरून लाईन बंद केली अन् खांबावर चढला. हातमोजे फाटके होते, नवे येणार येणार असं ऑफिसवाले म्हणत होते. तारेला हात लावला... अन् बंद लाईनमधून करंट आला. कोणाच्या तरी छतावरून. कोणाच्या तरी कूलरसाठी.

चौकशीला माणसं आली तोवर सगळं गाव धुतल्या तांदळासारखं! वायरी रातोरात निघाल्या. "आमच्याकडं असलं काई नाई साहेब." वर आणखी, "त्यानंच हातमोजे चांगले घालाले पाह्यजे होते." थू! शोकसभेत हीच तोंडं मधूचे गोडवे गात होती. मी उठून आलो. शीलावहिनी, मधूची बायको, मात्र शेवटपर्यंत बसल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "मी पोलिसात नाई जात. पण ज्याच्या घरचा करंट होता, त्यानं एकदा माह्यासमोर येऊन उभं राहावं." कोणी आलं नाही.

मधूचा मोबाइल वहिनींनी बंद केला नाही. का, ते मला कळत नव्हतं. परवा दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो, तर लाईन गेली. फोन वाजला. गावाच्या बोटांना अजून त्याचाच नंबर पाठ! "हॅलो, मधुभाऊ, लाईन..." एवढं बोलल्यावर पलीकडच्याला मधू गेल्याचं आठवलं असावं. वहिनी जराही चिडल्या नाहीत. "पयले तुमच्या घरचं सोलर बंद करा. माणूस खांबावर हाय." लगेच दुसरा फोन. पुन्हा तेच शब्द, त्याच आवाजात. अन् खरंच, चौकातल्या खांबावर नवा लाईनमन चढत होता, ओट्यावरून दिसत होता.

सगळं गाव चिडीचूप. तेवढ्यात ऐकू आलं... मागच्या गल्लीत एक कूलर घरघरत होता. बिनालाईनचा! अरे, माणूस जाळून महिनाच झाला अन् वायर परत जोडली?

वहिनींनीही ऐकलं. त्यांनी अंगणातून त्या लाईनमनला ओरडून खाली उतरवलं. मग मधूचा फोन मुठीत धरला, चपला घातल्या.

"तो नाई येत न," त्या म्हणाल्या, "त मीच जातो."

अन् त्या आवाजाच्या दिशेनं त्या चालू लागल्या.