तोरणमाळची मतपेटी आणि रिकामी ठेवलेली पहिली जागा

तोरणमाळला जायचंय म्हणून हल्ली बरेच जण मला रस्ता विचारतात. शहाद्याहून निघा, घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा आणि वर थंडी असते, स्वेटर घ्या. झाला सल्ला. आता माझी पहिली फेरी सांगतो. ती बासष्ट सालची, आणि मी काही तिथलं तळं बघायला गेलो नव्हतो.

मी तेव्हा शहाद्याजवळच्या शाळेत नवा मास्तर होतो. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. सीमेकडची काही गावं गुजरातेत गेली होती आणि आमच्या पश्चिम खानदेशाचं नाव धुळे जिल्हा झालं होतं. नंदुरबार जिल्हा तर अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हता. नव्या राज्याच्या विधानसभेची ही पहिलीच निवडणूक. तोरणमाळच्या केंद्रावर जायला कुणी तयार होईना, म्हणून मी हात वर केला. घरी आई म्हणाली, तुला नसते उद्योग फार.

शहाद्याच्या स्टँडवर भजी खाऊन आम्ही एसटीत बसलो. आमचे केंद्राध्यक्ष शेख गुरुजी नंदुरबारचे, नियमाला पक्के. मतपेटी त्यांनी मांडीवरच घेतली. पायथ्याला एसटी संपली आणि पुढे पायवाट. पेटी आळीपाळीने खांद्यावर घेत आम्ही चढलो. पळस फुलला होता, पण घामाने डोळे झोंबत असताना कसला पळस बघता! वर पोचल्यावर गावकऱ्यांनी ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. त्या डाळीची चव मी आजही विसरलेलो नाही.

सकाळी शाळेच्या एका खोलीत मतदान सुरू झालं. शाई लावायचं काम माझं. गावातली माणसं येऊन गेली. मग दरीतल्या एका पाड्याची माणसं आली, बायाबापड्या, सगळी. आली आणि केंद्राभोवती बांधलेल्या दोरीबाहेर झाडाखाली बसली. आत कुणीच येईना.

गुरुजी बाहेर गेले. पाड्यातला वेस्ता बाजारात येणारा, त्याला अहिराणी यायची.

"भाऊ, बठी काय ऱ्हायनात? आत या ना."

"म्हातारी उनी का मंग उठसूत," वेस्ता म्हणाला.

म्हातारी आल्यावरच ते उठणार होते; पाड्यात तीच सर्वांत वयस्क, आणि सर्वांत वयस्क माणसाशिवाय तिथे काहीच सुरू होत नसे, पेरणी नाही की लग्न नाही. मागच्या निवडणुकीत मात्र घाई झाली होती. वेस्ता खाली बघत म्हणाला, "मांगला टाईमले आम्ही तिले सोडीसन मत दिधं. ती उनी तवय पेटी बंद." ती लाज पाड्याने पाच वर्षं बाळगली होती.

"मंग उचलीसन आना तिले," गुरुजी म्हणाले.

"पोरे गयथात झोळी लिसन. ती बसत नही. म्हने, मत द्यानं शे, मी पायवरच येसू."

दुपार कलली. मला राहवेना. शंभरेक माणसांची मतं अशी वाया जाणार, आणि आपण नुसती शाईची बाटली धरून बसायचं? मी गुरुजींना म्हटलं, वेळ संपताना रांगेत असेल त्याला मत देता येतं ना? मग यांना रांगेत तरी घ्या. वेस्ताला तासभर समजावलं. शेवटी सगळे दोरीच्या आत आले, पण पहिली जागा त्यांनी रिकामी सोडली.

वेळ संपली. नियमाप्रमाणे गुरुजींनी रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटल्या, आता चिठ्ठी असेल त्यालाच मत, आणि दोरी बंद केली. चिठ्ठ्या हातात घेऊन माणसं तशीच उभी. आणि तेवढ्यात म्हातारी चढावर दिसली. काठी टेकत, मध्ये थांबत, मागे रिकामी झोळी घेतलेली पोरं.

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण मान हलली नाही. "माले माफ करा माय," ते म्हणाले, "कायदा शे."

वेस्ताने तिला सांगितलं. रांगेतल्या काहींनी चिठ्ठ्या परत द्यायला पुढे केल्या. तशी म्हातारीने काठी आपटली आणि त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी खडसावलं. एकेक जण निमूट आत शिरला. ती दोरीशी उभी राहून शेवटच्या माणसापर्यंत बघत राहिली. मग वेस्ताला काही बोलली आणि उतरू लागली.

"काय म्हनी?" मी विचारलं.

"पुढला टाईमले आदला दिनच येसू."

घरी आल्यावर आईने विचारलं, काय बघितलंस? मी म्हटलं, एक म्हातारी. लोकशाहीवर भाषणं मी पुष्कळ ऐकली होती आणि वर्गात झोडलीही होती. त्या दिवसापासून झोडायची बंद केली.

सदुसष्टला मी मुद्दाम तोरणमाळच मागून घेतलं. सगळे हसले. आदल्या दिवशी संध्याकाळी पेटी घेऊन आम्ही शाळेशी पोचलो, तर ओट्यावर म्हातारी बसलेली, पाठीशी अख्खा पाडा. मला तिने ओळखलं आणि बोट पुढे केलं. शाई उद्या, असं वेस्ताने तिला दोनदा सांगितलं. ती हसली, पण बोट काही मागे घेतलं नाही.