टोक नसलेला गळ

ऑल्विन टॅलेंटायर नव्या माणसाशी हात मिळवायचा तो त्याच्या बुटांकडे बघत. उत्तर इंग्लंडमधल्या वीअरडेलच्या खोऱ्यात ही त्याची खोड सगळ्यांना माहीत होती. तरुणपणी सात वर्षं फौजेत काढलेली, त्यातली बरीचशी उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर गाड्या अडवण्यात. पुढे तीस वर्षं दगडाच्या खाणीत डंपर चालवला. त्याची बायको डोरीन म्हणायची, "लग्नात पाद्र्यानं याचं नाव विचारलं, तेव्हा यानं आधी पाद्र्याचंच ओळखपत्र मागितलं नाही, हे माझं नशीब!"

झोप उडाली म्हणून डॉक्टरनं त्याला माजी सैनिकांना मासेमारीला नेणाऱ्या संस्थेकडे धाडलं, तेव्हाही तो संशय घेऊनच गेला. काठी फुकट, चहा फुकट, बेकन घातलेला पावही फुकट. बदल्यात यांना हवंय तरी काय? सहा महिने तो कुंपणाला पाठ लावून बसला आणि कुणाला फोटो काढू दिला नाही. पण कुणी काही मागितलंच नाही. मग तोच तिथे स्वयंसेवक झाला. दर बुधवारी सगळ्यांच्या आधी तळ्यावर यायचं, होडी पुसायची, नवख्यांना गळाचा दोर फेकायला शिकवायचं.

"मदत वगैरे काही नाही," तो म्हणायचा. "कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, एवढंच."

एप्रिलमध्ये ली स्टोबार्ट आला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, अफगाणिस्तानात इंजिनियर तुकडीत होतो म्हणणारा. दोर असा फेकायचा की पाण्यावर सुरकुतीही उठू नये. पण पाच बुधवार झाले तरी त्याला एकही मासा लागेना. शेजारी बसलेल्यांना ट्राउटवर ट्राउट लागत होते, आणि हा रिकाम्या हातानं खुशीत घरी जात होता.

"हा माणूस खरा नाही," ऑल्विन मॉरीनला म्हणाला. मॉरीन रेन पूर्वी फौजेत नर्स होती, आता बुधवारचा सगळा कारभार तिच्याकडे होता.

"म्हणजे काय? रबराचा आहे?"

"थट्टा नको. फौजेत नव्हताच तो. पेपरचा बातमीदार असेल एखादा."

"अरे बाबा, तळ्यात मासे पकडायला आलायस ना? मग मासेच पकड."

ऑल्विन ऐकतोय कसला! चहाच्या वेळी तो लीच्या शेजारी जाऊन बसला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुमच्या छावणीत जेवणाची रांग कुठल्या बाजूनं लागायची रे?"

"भूक लागलेल्या बाजूनं," ली म्हणाला आणि चहा संपवून उठला.

सगळे हसले. ऑल्विनचा संशय मात्र दुप्पट झाला. सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणारे त्यानं रस्त्यावर पुष्कळ बघितले होते.

सहाव्या बुधवारी ली हात धुवायला गेला आणि त्याची पिशवी बाकावर राहिली. ऑल्विननं इकडेतिकडे बघितलं आणि ती उघडली. आत एक पत्र्याची डबी होती. डबीत माशांना भुलवायला गळावर पिसं गुंडाळून केलेल्या नकली माश्या, एकीपेक्षा एक सुबक, हातानं बांधलेल्या. त्यानं एक उचलून उन्हात धरली. गळाचं टोक पक्कडीनं कापून टाकलेलं होतं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. एकीलाही टोक नव्हतं.

"सापडलं का काही?" मागून आवाज आला.

ऑल्विनच्या हातातली डबी पडता पडता वाचली. "मासे धरायचेच नाहीत तर येतोस कशाला इथे?" तो ओरडला, कारण ओरडण्याखेरीज त्याला काही सुचेना.

लीनं डबी घेतली. झाकण लावायला त्याला वेळ लागला. "पाण्याबाहेर काढला की मासा तोंड उघडतो, मिटतो, उघडतो. तिकडे माझ्या मांडीवर एक जण तसंच करत होता, वीस मिनिटं. मला ते परत बघायचं नाही. पण दोर फेकताना डोकं शांत होतं. इथे कुणी काही विचारत नाही म्हणून येत होतो."

पिशवी खांद्याला लावून तो गेला. पुढच्या बुधवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मॉरीन रागावली की आवाज चढवत नसे, आणि तेच वाईट होतं. "घरात कोंडून बसलेली एवढी माणसं आम्ही बाहेर आणतो," ती म्हणाली. "तू एकाला परत घरात कोंडलंस."

शनिवारी सकाळी ऑल्विन जवळच्या बिशप ऑकलंड गावात लीच्या घरी गेला. लीनं दार साखळीएवढंच उघडलं.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"मग काय हवंय?"

हे दोन्ही प्रश्न ऑल्विन आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आला होता. त्यांचं उत्तर देणं किती अवघड असतं ते त्याला पायरीवर उभं राहून कळलं.

"आयर्लंडमध्ये एका सकाळी मी दुधाची गाडी अडवली होती," तो म्हणाला. "ड्रायव्हर थंडीवर काहीतरी विनोद बोलला. मी हसलो. मागचं दार न उघडताच सोडली गाडी. अर्ध्या तासात पुढच्या गावच्या बाजारात तिच्यातला बॉम्ब फुटला. चार माणसं गेली. तेव्हापासून प्रत्येकाचं मागचं दार उघडून बघतो मी. तुझं उघडायला नको होतं."

"बायकोला माहितेय?" लीनं विचारलं.

"गाडी फुटली एवढं माहितेय. मी हसलो होतो, हे नाही."

"तिला सांग," ली म्हणाला आणि दार लावून घेतलं.

ऑल्विननं त्याच रविवारी डोरीनला सांगितलं. ती स्वयंपाकघरात त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसून राहिली.

ली जूनच्या मध्यावर परत आला. आल्याबरोबर मॉरीनला म्हणाला की तळ्यातलं शेवाळ फार माजलंय, होडीतून ते काढायचं काम मी करतो. तेव्हापासून तो दर बुधवारी शेवाळ काढायचा, आणि दुपारी आपल्या जागी उभा राहून टोक नसलेली माशी पाण्यावर सोडायचा. त्याला मासा का लागत नाही, असं कुणी विचारलं तर ऑल्विन मध्येच म्हणायचा, "त्याचं नशीब. तू तुझा दोर बघ."

म्हणून ऑल्विन सुधारला असं कुणी समजू नये. ऑगस्टमध्ये एक नवा माणूस दोन-दोन फोन घेऊन तळ्यावर आला, तेव्हा ऑल्विन होडीच्या काठाशी वाकून लीच्या कानात म्हणाला, "बूट बघ त्याचे. चिखलाचा एक डाग नाही."

"असू देत," ली म्हणाला. "आधी चहा तर पिऊ दे त्याला."

ऑल्विननं जरा विचार केला आणि चहा घेऊन स्वतःच गेला.