कानबाईच्या पंगतीतली अळणी वाटी

गुजरातेत पर्वत पाटियाला घरबसल्या साड्यांना लेस लावणाऱ्या बायकांत सुभद्राबाईंसारखा सरळ हात कोणाचा नाही. पण गेल्या श्रावणात तोच हात असा काही थरथरला, की कानबाई देवीपुढे पोहोचेपर्यंत खिरीची वाटी निम्मी सांडली.

झालं होतं असं. सात वर्षांपूर्वी सुभद्राबाईंना जगणं नकोसं झालं होतं. महिनाभर झोप नाही नि तोंडाचा पट्टा चालू, मग दोन महिने अंथरूण आणि एकच धोशा, मला जाऊ द्या. नवरा मगन कडोदऱ्याची लूमवरची पाळी बुडवून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. लिथियमची गोळी सुरू झाली. वर्षभरात मन ताळ्यावर आलं, मरणाचे विचार गेले.

भाऊबंदांना काय सांगायचं? मगन म्हणाला, "बीपीची गोळी सांगू."

सांगितलं. आणि कामरेजच्या थोरल्या जाऊबाई, नूतनताई, इतक्या मायेच्या, की गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला चार दिवस आलेल्या सुभद्राबाईंची भाजी त्यांनी वेगळीच रांधली. बिनमिठाची. वर उपास, तोही बिनपाण्याचा. हात थरथरायला लागला म्हणून घरी येऊन रक्त तपासलं, तर गोळीचं प्रमाण चढलेलं. गुजराती डॉक्टर आपल्या मराठीत कडाडले, "जुओ बेन, मीठ बंद नाय करायचा. पाणी बंद नाय करायचा. नायतर माझ्याला गोळी बंद करावी लागेल."

मीठपाणी तुटलं की ही गोळी अंगात साठते, हे बाईंना समजलं. पण काळजात रुतलं ते शेवटचं वाक्य. गोळी बंद, म्हणजे पुन्हा ते अंथरूण.

यंदा पुन्हा कामरेज. उपासाच्या दिवशी सुभद्राबाई सारख्या हात धुवायला मोरीत गेल्या आणि तांब्याभर पाणी पिऊन आल्या. पाण्याचं निभलं. मग पंगत बसली, आणि नूतनताई भोपळ्याच्या भाजीची वाटी मिरवत आल्याच.

"गंगाफळ, सुभद्रा. तुनासाठे अलग. मीठनं नाव बी नही."

मगन ताटातल्या कणकेच्या रोटाकडे असा बघत बसला, जणू त्यावर पत्ता लिहिलाय.

"ताई, मले बीपी नही शे," सुभद्राबाई म्हणाल्या. "मरी जावं असं वाटे मले, त्यानी गोळी शे ती. तिले मीठ लागस."

कोणाचा घास हातातच राहिला.

नूतनताईंनी वाटी उचलली. मोठ्या पातेल्यातली भाजी आणून वाढली, वर चिमूटभर मीठ. आणखी एक चिमूट.

"बस, ताई. सगळ्यांइतकंच."

"पहिलेच सांगती ना, येडी." ताईंनी डोळ्याला पदर लावला. मग दिराकडे वळल्या. "मगनभाऊ, बीपी तुम्हनंच दिसस. ल्या, ही वाटी आते तुम्हनी."

मगनने दोन घास निमूट गिळले. तिसऱ्याला बायकोकडे झुकून पुटपुटला, "जरा मीठ दे ना."

"डॉक्टरले इचारा," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावला.