बेलीझचा सातबारा

आमच्या साडूंइतका बेलीझ जाणणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही. मध्य अमेरिकेतला, समुद्राकाठचा हा चिमुकला देश त्यांना पंच्याऐंशीच्या सुमारास उल्हासनगरच्या रद्दीच्या दुकानात, एका परदेशी मासिकात भेटला. साडू अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर ऑफिसर, राहायला कंपनीच्या क्वार्टरमध्ये. मासिकातलं कूपन त्यांनी कापून पाठवलं आणि दोन महिन्यांनी निळ्याशार समुद्राची रंगीत पुस्तिका घरी आली. तेव्हापासून कुणाच्या बारशाला गेले तरी ते तिथली हवा, तिथली नारळाची झाडं आणि समुद्रकाठचे प्लॉट यांवरच बोलत. माझ्या लग्नात त्यांनी भटजींनाही तिकडे जागा घ्यायचा आग्रह केला. भटजींनी तिथे यजमान किती मिळतील, एवढंच विचारलं.

स्टोअरमधला एक नटसुद्धा तीन सह्यांशिवाय न सोडणारा हा माणूस जमीन डोळे मिटून थोडीच घेणार? त्यांनी तिकडच्या एजंटाला चार पानी इंग्रजी पत्र लिहिलं. सातबाऱ्याचा चालू उतारा पाठवा, त्यावर कुळाचं नाव आहे का, प्लॉट एन.ए. आहे का, गोमुखी की व्याघ्रमुखी, आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं. एजंटाने बाकी सगळं गाळून, आमच्या देशात रेल्वेच नाही, असं नम्रपणे कळवलं. साडू हबकले. "रेल्वे नाही, मग लोक जागा घेतात तरी कशाच्या भरवशावर?" असं मला विचारत राहिले. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. रेल्वे यायच्या आधी घेतली तरच स्वस्तात पडेल.

इथवर आम्ही हसत होतो. पण त्यासाठी बदलापूरचा, शिरगावातला प्लॉट विकावा लागणार होता आणि तो दोघांच्या नावावर होता. मेव्हणीने तिथे कढीलिंब आणि शेवगा लावला होता. नोकरी संपून क्वार्टर सुटल्यावर राहायचं कुठे, याला तिच्याकडे तेवढं एकच उत्तर होतं. तिने सही करायला साफ नकार दिला. पंधरा दिवस अबोला चालला. शेवटी ठरलं की, ज्यांच्याकडून तो प्लॉट घेतला होता त्या शिरगावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने काय ते सांगावं. म्हाताऱ्याचे वाडवडील खाडीकाठचे मिठागरवाले. म्हाताऱ्याने पुस्तिका लांब धरून पाहिली. समुद्र नाही, बंगला नाही, कोपऱ्यातल्या झुडपांवर बोट ठेवलं.

"सायेब, ही तिवरं हायती. म्हंजे खाजन. भरतीचं पानी चुलीपातूर येल."

साडूंनी वाद घातला नाही. पुस्तिका पिशवीत टाकली आणि घरी आले. पुढे शिरगावात घर झालं. वास्तुशांतीला सगळे खुशीत होते, पण साडूंचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. त्यांची टिंगल करण्यात मी पुढे होतो.

ते निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी गेलो होतो. मेव्हणीने त्यांच्यापुढे पासपोर्टचे फॉर्म ठेवले. दोन होते आणि दोन्ही तिच्याच अक्षरात भरलेले. साडूंनी चष्मा लावून ते सावकाश वाचले.

"तूही?"

"जागा घ्यायला नाही हं. नुसतं बघून येऊ."

पासपोर्ट आले. जाणं मात्र राहूनच गेलं. आधी तिचे गुडघे, मग त्यांचं ऑपरेशन. साडूंना त्याची रुखरुख लागली असेल असं मला वाटे, पण तसं काही दिसलं नाही. घरी कुणी आलं की ते कपाटातून ते दोन कोरे पासपोर्ट काढून दाखवत. आधी तिचा.